कृतज्ञ नसण्याचा हक्क : इयन ड्युरीचं गाणं

१९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानं ‘आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष’ म्हणून जाहीर केलं होतं. देशोदेशी टपाल तिकिटं निघाली, परिसंवाद झाले, सरकारी समित्या बसल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये एक गाणं बाजारात आलं. नाव होतं ‘स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस’. गायक-कवी इयन ड्युरी स्वतः पोलिओनं अपंग झालेला होता. संध्याकाळी सहाच्या आत हे गाणं रेडिओवर लावायचं नाही, असं बीबीसीनं ठरवलं. रेकॉर्ड कंपनीनंही थोड्याच काळात ते मागे घेतलं. अपंगांच्या वर्षात एका अपंग माणसानं अपंगांविषयी लिहिलेलं गाणं सभ्य लोकांच्या कानांवर पडू नये, अशी रीतसर व्यवस्था झाली.

पुढे एकतीस वर्षांनी, २९ ऑगस्ट २०१२ रोजी, लंडनच्या पॅरालिम्पिक स्पर्धांचा उद्घाटन सोहळा झाला. राणी उपस्थित होती, स्टीफन हॉकिंग यांचा आवाज स्टेडियममध्ये घुमला आणि त्याच मैदानावर अपंग कलावंतांच्या संचानं ‘स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस’ गायलं. माझी ड्युरीशी ओळख झाली ती या सोहळ्याच्या चित्रफितीमुळे, म्हणजे उलट्या क्रमानं. आधी गौरव पाहिला, बंदी नंतर कळली. त्यामुळेच एक प्रश्न मागे लागला. या गाण्यात असं काय होतं, जे अपंगांविषयी कळवळा असलेल्या समाजाला १९८१मध्ये ऐकवत नव्हतं?

माझं उत्तर थोडक्यात असं आहे : ड्युरीनं अपंग माणसासाठी कृतज्ञ नसण्याचा हक्क मागितला. समान संधी, रॅम्प, आरक्षण या मागण्या समजायला सोप्या असतात. ‘तुमच्या दयेबद्दल मी तुमचे आभार मानणार नाही’ हे ऐकून घेणं अवघड असतं. या लेखात ड्युरीच्या आयुष्यातून आणि गाण्यांतून या हक्काचा माग काढायचा आहे.

शूर आणि बिचारे

ड्युरीचा जन्म १२ मे १९४२चा, लंडनच्या वायव्येकडच्या हॅरो भागातला. वडील बसचालक, पुढे श्रीमंतांच्या मोटारी चालवणारे शोफर. आई शिकलेली, सुसंस्कृत घरातली. आईची भाषा आणि बापाची भाषा असे दोन इंग्रजी सूर त्याच्या कानांवर एकाच वेळी पडत होते. पुढे गायक म्हणून त्यानं बापाची भाषा निवडली. आपला जन्म एसेक्समधल्या अपमिन्स्टरचा आहे, अशी दंतकथाही त्यानं चालू दिली.

१९४९च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पोलिओची साथ होती. साउथएंडच्या पोहण्याच्या तलावात सात वर्षांच्या इयनला संसर्ग झाला असावा, असं मानलं जातं. आधी काही आठवडे प्लास्टरमध्ये, मग एसेक्समधल्या ब्लॅक नॉटली रुग्णालयात वर्षभराहून अधिक काळ गेला. डावा हात आणि डावा पाय कायमचे बारीक झाले. पायाला लोखंडी कॅलिपर आला. १९५१मध्ये त्याची रवानगी ससेक्समधल्या ‘चेली हेरिटेज क्राफ्ट स्कूल’ या अपंग मुलांच्या निवासी शाळेत झाली.

या शाळेच्या मुळाशी जरा थांबायला हवं. १९०३मध्ये ती स्थापन करणाऱ्या ग्रेस किमिन्स या बाईंनी त्याआधी, १८९४मध्ये, लंडनच्या गरीब वस्तीतल्या अपंगांसाठी एक मंडळ काढलं होतं. त्याच्या नावाचं मराठी करायचं तर ‘शूर-बिचाऱ्यांचा संघ’ असं करावं लागेल. त्यांचं लॅटिन ब्रीदवाक्य होतं : माझ्या वाट्याला जे आलं त्यात मी आनंदी आहे. बाईंचं काम मोठं होतं, यात शंका नाही. ज्या मुलांना कोणी शिकवत नव्हतं त्यांच्या हाताला त्यांनी कसब दिलं. पण त्या नावात आणि ब्रीदात अपंग माणसाकडे बघण्याच्या दोन्ही सवयी एकत्र आल्या आहेत. तो एक तर शूर असतो, नाही तर बिचारा. आणि दोन्ही वेळा त्यानं आनंदी असायचंच असतं. नुसतं चिडणं, कंटाळणं, हावरट किंवा वात्रट असणं यांना त्यात जागाच नाही.

चेलीतल्या कडक शिस्तीबद्दल आणि तिथल्या क्रौर्याबद्दल ड्युरी पुढे मोकळेपणानं बोलला. त्या शाळेनं आपल्याला टणक केलं, हेही त्यानं नाकारलं नाही. पण तिथं त्याला आणखी एक गोष्ट मिळाली. नाना प्रकारचं अपंगत्व असलेल्या मुलांच्या गर्दीत तो काही वर्षं राहिला. पुढच्या त्याच्या गाण्यातला ‘मी’ एकट्याचा राहिला नाही, त्याचं मूळ मला या गर्दीत दिसतं.

काठी आणि ताल

सोळाव्या वर्षी शाळा सोडून ड्युरी चित्रकलेकडे वळला. वॉल्थमस्टोच्या कलाशाळेत पॉप आर्टचा प्रसिद्ध चित्रकार पीटर ब्लेक त्याचा शिक्षक होता. पुढे तो रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला आणि स्वतः कँटरबरीच्या कला महाविद्यालयात शिकवू लागला. ब्लेकच्या चित्रांत सिनेमाचे तारे, कुस्तीगीर, बिल्ले, स्वस्त छापील चित्रं असा बाजारातला माल सन्मानानं येतो. ड्युरीनं हीच दृष्टी शब्दांत आणली. त्याच्या गाण्यांत फुशारक्या मारणारा गवंडी येतो, स्वतःला हुशार समजणारा गोंधळलेला पोरगा येतो, बस चालवणारा बाप येतो. प्रत्येक जण आपापल्या वस्तीच्या बोलीत बोलतो. त्या काळी इंग्लंडमधले बहुतेक रॉक गायक गाताना अमेरिकन उच्चार उसने घेत. ड्युरी मात्र एसेक्स आणि पूर्व लंडनच्या उच्चारांतच गायला.

त्याच्या शैलीचं दुसरं मूळ ‘म्युझिक हॉल’मध्ये आहे. म्युझिक हॉल म्हणजे कामगारवर्गाच्या करमणुकीचे थिएटर-कार्यक्रम. त्यांत गाणं, विनोद, नकला आणि द्व्यर्थी चावटपणा एकत्र नांदत. आपल्याकडच्या तमाशातली बतावणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा बाज ओळखता येईल. प्रेक्षकाला टोमणा मारायचा आणि त्याच दमात हसवायचंही. ड्युरीची यमकं याच घराण्यातली. ती ओळीच्या शेवटची वाट बघत नाहीत, ओळीच्या पोटातच एकमेकांवर आपटत जातात.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यानं ‘किल्बर्न अँड द हाय रोड्स’ हा बँड काढला. त्यातला ड्रमवादक कुबड्या घेऊन चालायचा. रंगमंचावर ड्युरी माइकच्या दांड्याला धरून वाकून उभा राहायचा आणि खिशांतून रुमाल, काहीबाही वस्तू काढत राहायचा. हे उभं राहणं म्हणजे तोल सांभाळण्याची गरज होती आणि तीच त्याची अदाही झाली. पुढे पंक चळवळीतल्या जॉनी रॉटनच्या वाकून उभं राहण्यात अनेकांना ड्युरीची सावली दिसली.

यामागे एक पूर्वसूरीही होता. अमेरिकन रॉक अँड रोल गायक जीन व्हिन्सेंटचा पाय १९५५मध्ये मोटरसायकलच्या अपघातात जायबंदी झाला होता. तो इंग्लंडला आला तेव्हा एका टीव्ही निर्मात्यानं त्याला काळं चामडं चढवलं आणि लंगडणं लपवण्याऐवजी ठळक करायला लावलं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. ड्युरी त्याचा निस्सीम भक्त. १९७७च्या ‘न्यू बूट्स अँड पँटीज’ या गाजलेल्या अल्बममध्ये त्यानं व्हिन्सेंटवर एक गाणं केलं. पण दोघांत फरक आहे. व्हिन्सेंटचं लंगडणं दुसऱ्यानं सजवलं होतं, ड्युरीनं आपलं स्वतः बेतलं.

याच सुमारास पियानो आणि गिटार वाजवणारा, जॅझ-फंकच्या वाटेनं आलेला चॅझ जँकल त्याला भेटला आणि ‘ब्लॉकहेड्स’ हा बँड उभा राहिला. ड्युरीच्या खडबडीत बोलीखाली अतिशय सफाईदार ताल आला. ‘हिट मी विथ युअर ऱ्हिदम स्टिक’ हे त्यांचं गाणं जानेवारी १९७९मध्ये ‘वायएमसीए’ला हटवून ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. दहा लाखांच्या आसपास प्रती खपल्या. त्यात नॉर्मन वॅट-रॉयचा बास चार मात्रांच्या एका आवर्तनात सोळा सुटे स्वर वाजवत धावतो. डेव्ही पेन दोन सॅक्सोफोन एकाच वेळी तोंडात धरून फुंकतो. शब्दांत जगभरच्या गावांची यादी आहे, तिच्यात आपलं बॉम्बेसुद्धा आहे. ही जी तालाची काठी आहे ती ड्रमची काठी आहे, चावट अर्थानंही आहे, आणि गाणारा रोज जिच्या आधारानं चालत होता ती काठीही आहे. इंग्लंडभर लोक त्या काठीवर नाचले. गाणाऱ्याची कीव करायला कोणाला सवड झाली नाही.

डबा आणि बाहुली

त्या काळच्या ब्रिटनमध्ये दुकानांबाहेर एक पुतळा उभा असायचा. लहान मुलीएवढी बाहुली, पायाला कॅलिपर, एका हातात टेडी बेअर आणि दुसऱ्या हातात पैसे टाकायचा डबा. ‘स्पास्टिक्स सोसायटी’ या सेरेब्रल पाल्सीग्रस्तांच्या संस्थेसाठी देणग्या जमवणारी ही मुलगी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिली होती. पाव घ्यायला जावं, सुटे पैसे डब्यात टाकावेत आणि घरी यावं. मुलगी कधी काही बोलत नसे.

‘स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस’मध्ये जणू ही बाहुली तोंड उघडते. गाण्यातला बोलणारा आपल्या देहाची यादी सुरू करतो. काय गळतं, काय थरथरतं, चालताना काय होतं, बोलताना काय होतं. ही यादी रडगाण्याच्या सुरात येत नाही. ती शाळेतल्या टवाळ पोराच्या यमकांत येते, त्यामुळे ऐकणारा हसतो आणि हसल्यावर ओशाळतो. मग बोलणारा थेट देणाऱ्याकडे वळतो. टाक तुझी चिल्लर, आणि तू माझ्यासारखा नाहीस म्हणून देवाचे आभार मान. म्हणजे या व्यवहारात खरा लाभार्थी कोण, हे तो उघडं करतो. डब्यातल्या नाण्याच्या बदल्यात देणाऱ्याला स्वतःच्या धडधाकटपणाचं समाधान मिळत असतं. आभार दोन्हीकडून अपंगाच्याच खर्चानं मानले जातात.

शीर्षक ‘स्पार्टाकस’वरून आलं आहे. रोमविरुद्ध उठलेला हा गुलामांचा पुढारी. स्टॅनली कुब्रिकच्या १९६०च्या चित्रपटात पराभूत गुलामांना विचारलं जातं, तुमच्यातला स्पार्टाकस कोण? एकामागून एक गुलाम उभा राहतो आणि तो मीच, असं म्हणतो. ड्युरीच्या गाण्याच्या शेवटी वेगवेगळे आवाज असेच पुढे येऊन ते नाव स्वतःला लावून घेतात. शिवीचा शब्द बंडखोराचं नाव होतो, आणि ते नाव एकट्याचं राहत नाही. बहामामध्ये झालेल्या या ध्वनिमुद्रणात जमैकाची स्लाय डनबर आणि रॉबी शेक्सपियर ही विख्यात जोडी ड्रम आणि बासवर होती. त्यांचा ताल थंड, न हलणारा आहे. वर शब्द थरथरतात, खाली जमीन पक्की राहते.

त्याच १९८१मध्ये बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात जोई डीकन या सेरेब्रल पाल्सी असलेल्या वयस्क माणसाची ओळख मोठ्या आदरानं करून दिली गेली. मित्रांच्या मदतीनं त्यानं आत्मचरित्र लिहिलं होतं. हेतू उदात्त होता. परिणाम असा झाला की ‘जोई’ ही ब्रिटिश शाळांच्या मैदानांवरची नवी शिवी झाली. दयेचा कार्यक्रम दिवसा लागला आणि त्यातून शिवी निघाली. शिवी उलटवणाऱ्या गाण्याला मात्र सहानंतरची वेळ मिळाली.

मला हे सगळं परकं वाटत नाही. माझ्या मावसबहिणीला लहानपणी पोलिओ झाला. ती दहावीत असताना तालुक्याच्या गावी एका संस्थेनं तीनचाकी सायकली वाटल्या. तिला व्यासपीठावर बसवलं, हार-तुरे झाले आणि मग तिला ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलं. तिनं सायकलचा ब्रेक लागत नाही, एवढंच सांगितलं. सभागृह गप्प झालं. घरी आल्यावर तिलाच बोलणी बसली, लोकांनी एवढं दिलं आणि तुला आभारसुद्धा मानता आले नाहीत. ब्रेकचं पुढे कोणी पाहिलं नाही. ड्युरीचं गाणं कळायला मला म्हणूनच फार इंग्रजी लागलं नाही.

शब्दाचा मालक कोण?

या गाण्यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. वैद्यकीय अर्थानं ड्युरी ‘स्पास्टिक’ नव्हता. सेरेब्रल पाल्सीच्या त्या प्रकारात स्नायू आखडतात, पोलिओत ते ढिले पडतात. ऑटिझमशी तर त्याचा काही संबंधच नव्हता. मग दुसऱ्याच्या वाट्याची शिवी आपल्या गाण्यात घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

आक्षेपात तथ्य आहे. ऑटिझम असलेल्या माणसाचं जगणं गाण्यात येत नाही, तो शब्द केवळ नाद जुळवायला आल्यासारखा वाटतो. पण ‘स्पास्टिक’बद्दल माझं मत वेगळं आहे. शिवी देणारा वैद्यकीय तपासणी करून शिवी देत नाही. कॅलिपर दिसला की पुरे. चेलीतल्या सगळ्या मुलांना रस्त्यावरच्या पोरांनी एकाच शब्दानं हाक मारली असती. म्हणून उत्तरही सगळ्यांचं मिळून एकच असू शकतं, आणि शेवटचे ते अनेक आवाज नेमकं हेच सांगतात.

पुढे १९९४मध्ये ‘स्पास्टिक्स सोसायटी’नं आपलं नाव बदलून ‘स्कोप’ केलं. ते आवश्यकच होतं. पण लवकरच पोरांनी त्या नव्या नावापासूनही चिडवण्याचा शब्द तयार केला. शब्द बदलला तरी नजर तीच राहिली, तर नवा शब्द किती दिवस स्वच्छ राहणार?

हा प्रश्न मराठीतही विचारायला हवा. आपण सहज ‘लंगडी सबब’ म्हणतो, ‘पांगळा युक्तिवाद’ म्हणतो, वासरांत लंगडी गाय शहाणी ठरवतो. संत एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगुळ अशी पात्रं येतात. पण तिथं आंधळेपण हे अज्ञानाचं आणि पांगळेपण हे जिवाच्या असहायतेचं रूपक असतं. रूपक म्हणून ती भारुडं थोर आहेत. मात्र रूपकाला रोज जिना चढावा लागत नाही. खऱ्या पांगळ्या माणसाचा दुखणारा गुडघा त्यात नसतो. तो देह स्वतःच्या तोंडानं बोलायला वेळ लागला. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’सारख्या आत्मकथनानं मराठीत ही वाट रुंद केली.

डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदांवर रुळला. अनेकांना तो सन्मानाचा वाटतो, अनेक अपंग व्यक्ती तो आवडीनं वापरतात. काही अपंग हक्क संघटनांनी मात्र त्याच वेळी आक्षेप घेतला. ड्युरी ऐकल्यावर मला त्या आक्षेपाचा अर्थ अधिक कळला. ‘दिव्य’ म्हटलं की माणूस ‘शूर-बिचाऱ्यां’मधून बाहेर पडत नाही, फक्त शूरांच्या बाजूला ढकलला जातो. दिव्य माणसानं ब्रेकची तक्रार करायची नसते.

संत नसलेला माणूस

ड्युरी स्वतः कोणत्याच अर्थानं दिव्य नव्हता. प्याल्यावर तो जिभेनं ओरबाडत असे, सहकाऱ्यांशी अनेकदा निष्ठुरपणे वागे. त्याच्या चरित्रकारांनी हे झाकलेलं नाही. झाकूही नये. अपंग कलावंताला आपण चांगुलपणाच्या अटीवर मोठा मानतो. ही अट आपण धडधाकट रॉक गायकांना घालत नाही. ड्युरीच्या वागण्याचं समर्थन करायचं कारण नाही, पण त्याचा हिशेब इतरांच्याच मापानं व्हावा.

आणि हा चिडका माणूस आनंदाचाही कवी होता. १९७९च्या ‘रीझन्स टू बी चिअरफुल, पार्ट थ्री’मध्ये त्यानं आनंदाच्या कारणांची लांबलचक यादी दिली. तिच्यात चीज आणि लोणचं आहे, जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन आहे, बोल्शॉय बॅले आहे, सरकारी आरोग्यसेवेतून मिळणारा चष्मासुद्धा आहे. शूर-बिचाऱ्यांच्या ब्रीदात आनंद हे कर्तव्य होतं. इथं तो ज्याच्या-त्याच्या आवडीचा आहे. कारणं मी निवडणार, असं ही यादी म्हणते.

ग्रेआय ही अपंग कलावंतांची ब्रिटिश नाट्यसंस्था १९८०मध्ये सुरू झाली. तिनं २०१०मध्ये ड्युरीच्या गाण्यांवर याच नावाचं संगीत नाटक केलं. तिच्या दिग्दर्शक जेनी सीली, स्वतः कर्णबधिर, पॅरालिम्पिक सोहळ्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक होत्या. ‘स्पॅस्टिकस’ त्या मैदानावर पोचलं ते असं, आतल्या माणसांच्या हातून. त्याच दिवसांत लंडनच्या रस्त्यांवर अपंगांची निदर्शनं चालू होती, कारण सरकारी भत्त्यांसाठी अपंगांची पात्रता तपासणारी कंपनीच स्पर्धांची एक प्रायोजक होती. गाणं सन्मानित झालं, तरी ज्या व्यवहारावर ते चिडलं होतं तो संपलेला नव्हता.

नव्वदच्या दशकात ड्युरीनं युनिसेफचा सदिच्छादूत म्हणून झांबिया आणि श्रीलंकेत पोलिओ लसीकरणासाठी काम केलं. तेव्हा त्याला कर्करोग झालेला होता. दया नाकारणारा माणूस लस द्यायला गेला, यात मला विसंगती दिसत नाही. रोग नष्ट व्हावा आणि रोग झालेल्या माणसाला मान मिळावा, या दोन गोष्टी त्यानं कधी एकमेकांच्या आड येऊ दिल्या नाहीत.

२७ मार्च २०००ला तो वारला, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. योगायोग असा की चौदा वर्षांनी याच तारखेला, २७ मार्च २०१४ रोजी, भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेनं दिलं. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला, हावड्याचा. ती बातमी आली तेव्हा आपण सर्वांनी सुस्कारा सोडला आणि ते योग्यच होतं. पण पोलिओ गेला तरी पोलिओ झालेली माणसं आपल्यात आहेत. ती चाळिशी-पन्नाशीत आली आहेत. ज्या पायांनी आयुष्यभर दुप्पट काम केलं ते आता नव्यानं दुखू लागले आहेत. त्यांच्यासाठी आता मोहिमा नाहीत, पोस्टर नाहीत, सायकलवाटपही फारसं नाही. ती बँकेच्या पायऱ्यांपाशी उभी राहून आत कसं जायचं याचा विचार करत असतात. कोणी हात पुढे केला तर घेतात, नको असेल तर नको म्हणतात. त्यांच्या त्या ‘नको’ला आपण उद्धटपणा समजलो नाही, तर ड्युरीचं गाणं आपल्यापर्यंत पोचलं असं म्हणता येईल.